संयुक्त प्रतिजैविक इंजेक्शन : संयोग, मात्रा आणि पहिला अर्धा तास



पावसाळा लागला की नाशिक जिल्ह्यातील दवाखान्यांत ज्वराच्या रुग्णांची रीघ लागते. पेठ, सुरगाणा, त्र्यंबकेश्वर या भागांतील रुग्णास पहिला आधार बहुधा आपल्याच पदवीधराचा असतो. रुग्ण दूरवरून आलेला असतो, उद्या पुन्हा येईलच याची शाश्वती नसते आणि 'एक चांगले इंजेक्शन द्या' हा आग्रह असतो. अशा वेळी हात सहज जातो तो सेफ्ट्रियाक्सोन व सल्बॅक्टम यांच्या दीड ग्रॅमच्या कुपीकडे. महाराष्ट्रात राज्याच्या कायद्याने व अधिसूचनांनी आपणांस आधुनिक औषधे वापरण्याची मुभा दिलेली आहे. १९९८ च्या मुख्तियार चंद प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानेही हा प्रश्न राज्याच्या तरतुदींवर सोपविला. ही मुभा घ्यावयाची तर त्या कुपीत काय आहे, हे तिच्या वेष्टनापलीकडे जाऊन समजून घेणे आपले कर्तव्य ठरते.

चरकाचार्यांनी विमानस्थानात संयोगाचा विचार करताना, दोन वा अधिक द्रव्ये एकत्र आली असता एकेकट्या द्रव्यात नसलेला विशेष उत्पन्न होतो, असे सांगितले आहे. संयुक्त प्रतिजैविकास हीच कसोटी लावून पाहावी. सल्बॅक्टम हे बहुतेक जंतूंच्या बाबतीत स्वतः मारक औषध नव्हे. काही जंतू बीटा-लॅक्टमेज नावाचे विकर निर्माण करून सेफ्ट्रियाक्सोनसारख्या औषधाचा नाश करतात. त्या विकरास अडवून ठेवणे एवढेच सल्बॅक्टमचे काम. म्हणजे ते योद्धा नसून ढाल आहे. जंतू असे विकर निर्माण करीतच नसेल तर ढालीचा उपयोग शून्य. 'दोन औषधे म्हणून दुप्पट जोर' हा समज सर्वस्वी चुकीचा आहे.

येथे कालाचा विचारही आवश्यक आहे. सेफ्ट्रियाक्सोनचे शरीरातील प्रमाण निम्मे होण्यास सुमारे ८ तास लागतात, म्हणून ते दिवसातून एकदा दिले तरी चालते. सल्बॅक्टमचे प्रमाण मात्र सुमारे १ तासातच निम्मे होते. सकाळी दिलेल्या मात्रेतील सल्बॅक्टम दुपारपर्यंत जवळजवळ निघून गेलेले असते आणि उरलेला दिवस सेफ्ट्रियाक्सोन एकटेच असते. याउलट पिपरॅसिलिन व टॅझोबॅक्टम किंवा अमॉक्सिसिलिन व क्लॅव्युलॅनिक आम्ल या जोड्यांत दोन्ही घटकांचा काल साधारण सारखा आहे. म्हणूनच ती इंजेक्शने दर ६ ते ८ तासांनी द्यावी लागतात आणि ती रुग्णालयातच शोभतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये ज्या संयुक्त प्रतिजैविकांची शिफारस करू नये अशी यादी दिली, तीत सेफ्ट्रियाक्सोन-सल्बॅक्टमचा समावेश आहे. आमचे स्पष्ट मत असे, की जेथे सेफ्ट्रियाक्सोन योग्य आहे तेथे बहुधा ते एकटेच पुरेसे असते.

आंत्रिक ज्वराचे उदाहरण घेऊ. टायफॉइडमध्ये साधे सेफ्ट्रियाक्सोन गुणकारी आहे. पण ते सुरू केल्यावरही ज्वर उतरण्यास ४ ते ७ दिवस लागतात. दुसऱ्या दिवशी ज्वर कायम दिसला म्हणून साध्या कुपीवरून संयुक्त कुपीवर जाणे हे औषधाचे अपयश नसून आपल्या धीराचे अपयश होय. शक्य तेथे पहिल्या मात्रेपूर्वी रक्त कल्चरसाठी काढावे; केवळ विडालवर विसंबू नये. डेंग्यूची शंका असेल तर प्रतिजैविकाचा उपयोग नाहीच, उलट बिंबाणू कमी झालेल्या रुग्णास कमरेत सुई टोचल्याने रक्तगुल्म होण्याचे भय असते.

आता मात्रा. दीड ग्रॅमच्या कुपीत १ ग्रॅम सेफ्ट्रियाक्सोन व अर्धा ग्रॅम सल्बॅक्टम असते. बालकाची मात्रा वजनावरून काढताना ती सेफ्ट्रियाक्सोनच्या घटकावर काढावयाची, हे विसरून संपूर्ण दीड ग्रॅम हिशेबात धरला तर बालकास औषध कमी पडते. केसपेपरवर 'दीड ग्रॅम' एवढेच न लिहिता दोन्ही घटक स्वतंत्र लिहावेत. उरलेले द्रावण दुसऱ्या रुग्णासाठी राखून ठेवण्याची काटकसर करू नये.

द्रावण कशात करावे, हा प्रश्न सर्वांत नाजूक आहे. सेफ्ट्रियाक्सोन व कॅल्शियम एकत्र आले की न विरघळणारा साका तयार होतो. नवजात बालकांच्या फुप्फुसांत व वृक्कांत असा साका आढळून मृत्यू झाल्याच्या नोंदींवरून अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००७ मध्ये इशारा दिला होता. आर.एल. सलाईनमध्ये कॅल्शियम असते. तेव्हा त्यात हे औषध मिसळू नये, आर.एल. चालू असलेल्या नळीतूनही देऊ नये. नॉर्मल सलाईन वा ५ टक्के डेक्स्ट्रोज वापरावे. मोठ्या रुग्णास दोन्ही एकापाठोपाठ द्यावयाचे झाल्यास मध्ये नळी नॉर्मल सलाईनने धुवावी. २८ दिवसांच्या आतील बालकास, विशेषतः कावीळ असल्यास, हे औषध न देता त्यास त्वरित रुग्णालयात पाठवावे. अनेक वैद्य विचारतात, मग प्रवाळ-मौक्तिक चालू ठेवावे काय? हा इशारा शिरेतून दिलेल्या कॅल्शियमसंबंधी आहे, मुखावाटे घेतलेल्या भस्म-पिष्टीसंबंधी नाही. स्नायूत देताना वेदना कमी व्हावी म्हणून लिग्नोकेनमध्ये केलेले द्रावण चुकूनही शिरेत देऊ नये. अमिकॅसिन एकाच सिरिंजमध्ये मिसळू नये.

आणखी एक गोष्ट खास आपल्या व्यवहारातील आहे. सेफोपेराझोन-सल्बॅक्टम ही दुसरी प्रचलित जोडी. सेफोपेराझोन व मद्य एकत्र आले की चेहरा लाल होणे, छातीत धडधड, ओकारी, तीव्र शिरःशूल असा त्रास होतो. औषध थांबल्यावरही काही दिवस हे भय राहते. आसव-अरिष्टांत स्वयंजनित मद्यार्क सामान्यतः ५ ते १० टक्के असतो. ज्वरात अमृतारिष्ट देण्याची आपली सवय येथे बाधक ठरू शकते. अशा रुग्णास गुडूचीचा काढा द्यावा. याच औषधाने जीवनसत्त्व 'के' कमी होऊन रक्तस्रावाची प्रवृत्तीही वाढते, हे वृद्ध व कृश रुग्णांत ध्यानी ठेवावे.

काही वर्षांपूर्वी आमच्याच दवाखान्यात घडलेला प्रसंग सांगणे आम्हांस संकोचाचे वाटते, तरी सांगतो. तिशीतील एका शेतकऱ्यास त्वचा-चाचणी करून, ती निर्दोष आल्यावर, शिरेतून इंजेक्शन दिले. चार-पाच मिनिटांत त्याच्या घशाला खाज सुटली, आवाज बसला, नाडी क्षीण झाली. साहाय्यकाने सवयीने एव्हिल व हायड्रोकॉर्टिसोन भरले. ॲड्रेनॅलिनची ॲम्प्यूल कपाटाच्या खालच्या खणात निघाली आणि तिची मुदत दोन महिन्यांपूर्वी संपलेली होती. शेजारच्या औषध दुकानातून नवी येईपर्यंतची ती तीन मिनिटे आम्ही विसरलेलो नाही. रुग्ण वाचला.

त्या दिवसापासून निर्दोष त्वचा-चाचणीस आम्ही अभयपत्र मानीत नाही. पूर्वी पेनिसिलिन वा तत्सम औषधाने काय झाले होते, हा प्रश्न तीन वेळा विचारणे अधिक मोलाचे. प्रतिक्रिया येताच पहिले औषध ॲड्रेनॅलिन; एव्हिल व स्टेरॉइड हे त्याचे पर्याय नव्हेत. १ मिलीत १ मिलिग्रॅम असलेल्या ॲम्प्यूलमधून प्रौढास ०.५ मिली, ६ ते १२ वर्षांच्या मुलास ०.३ मिली, ६ महिने ते ६ वर्षांच्या बालकास ०.१५ मिली, मांडीच्या मध्यभागी बाहेरील बाजूस स्नायूत द्यावे. त्वचेखाली देऊ नये. सुधारणा नसल्यास ५ मिनिटांनी पुन्हा द्यावे. रुग्णास आडवे ठेवून पाय उंच करावेत, उठवून बसवू नये. श्वासाचा त्रास फारच असेल तरच अर्धवट बसवावे. नॉर्मल सलाईन वेगाने सुरू करावे आणि १०८ ला कळवावे. त्या रुग्णवाहिकेवरील वैद्यकीय अधिकारी पुष्कळदा आपलेच पदवीधर असतात. इंजेक्शननंतर अर्धा तास रुग्ण डोळ्यांसमोर बसवावा, मग त्याची शेवटची एस.टी. चुकली तरी चालेल.

औषध विक्रेत्या बंधूंसाठी थोडेसे. सेफ्ट्रियाक्सोन व सेफोपेराझोन ही दोन्ही एच-१ अनुसूचीत आहेत. ही अनुसूची १ मार्च २०१४ पासून लागू आहे. चिठ्ठी देणाऱ्याचे नाव व पत्ता, रुग्णाचे नाव, औषध व त्याची संख्या यांची स्वतंत्र नोंदवहीत नोंद करून ती तीन वर्षे जपावी लागते. 'डॉक्टरांनी फोनवर सांगितले' या भरवशावर कुपी देणे दोघांनाही अडचणीत आणते. साधी कुपी लिहिलेली असता शिल्लक साठा खपविण्यासाठी संयुक्त कुपी देणे हा तर रुग्णाशी द्रोह आहे. खरेदीचे बिल व बॅच क्रमांक जुळवून ठेवावेत. वैद्यांनीही केसपेपरवर बॅच क्रमांक, कशात द्रावण केले, किती मिनिटांत दिले हे लिहावे; प्रतिक्रिया आल्यास राष्ट्रीय औषधदक्षता कार्यक्रमाच्या १८००-१८०-३०२४ या निःशुल्क क्रमांकावर कळविताना हीच माहिती प्रथम विचारली जाते.