पेप्लोस आणि पळायचे बूट : अथेन्समधलं एक कलेक्शन कसं वाचायचं?

मागच्या वेळी आपण कापड आणि शिवण यांच्याबद्दल बोललो. आज एकच फॅशन शो घेऊ आणि तो जरा सावकाश उलगडून बघू. अनेकांना वाटतं, महागड्या कपड्यांबद्दल काय बोलायचं? ते आपण घेणार थोडेच! शंका रास्त आहे. पण कपडे न घेताही ते वाचता येतात, आणि वाचायला लागलं की त्यात बाईच्या शरीराचा मोठा इतिहास सापडतो.

तारीख १७ जून २०२१. ठिकाण अथेन्सचं पॅनाथेनाईक स्टेडियम. दिओर या फ्रेंच फॅशन हाउसने तिथे आपलं क्रूझ कलेक्शन सादर केलं. क्रूझ म्हणजे मुख्य हंगामांच्या मधले कपडे. पूर्वी श्रीमंत मंडळी हिवाळ्यात उबदार किनाऱ्यांवर जात, त्यांच्यासाठी ते निघायचे. नाव तिथून आलं. डिझायनर होत्या मारिया ग्राझिया किऊरी. १९४७ साली पहिलं कलेक्शन दाखवणाऱ्या या हाउसची सूत्रं एका स्त्रीकडे यायला २०१६ उजाडावं लागलं, आणि त्या स्त्री म्हणजे याच.

काय दिसलं त्या शोमध्ये? पांढऱ्या रंगाची रेलचेल. खांद्यावरून सुटणारे, चुण्यांचे लांब झगे, आणि त्यांच्या खाली चक्क पळायचे बूट. शिवाय खेळाडूंसारखे अंगाबरोबर बसणारे कपडे, सैल पँट. एकीकडे पुतळ्यांवर दिसणारा वेश, दुसरीकडे व्यायामशाळेतला. ही नुसती सरमिसळ आहे का? आम्हाला तसं वाटत नाही. त्याचं कारण समजायला आधी पेप्लोस समजून घ्यावा लागेल.

पेप्लोस हा प्राचीन ग्रीक स्त्रियांचा वेश. म्हणजे काय, तर एक मोठं आयताकृती कापड. वरचा काठ बाहेर दुमडायचा, कापड अंगाभोवती घ्यायचं, दोन्ही खांद्यांवर टाचण्या लावायच्या, कमरेला पट्टा बांधायचा. कात्री जवळजवळ नाहीच. आपल्याकडे हे वेगळं समजावायची गरज नाही. नऊवारीचा काष्टा घालून शेतात राबणारी बाई ज्यांनी पाहिली आहे, त्यांना न शिवलेलं कापड किती मोकळं असतं हे ठाऊक आहे. कापड शरीराच्या मागे चालतं, शरीराला कापडाच्या मापात बसावं लागत नाही.

आता याच्या उलट टोक बघा. दिओरची स्वतःची ओळख म्हणजे १९४७चं बार जॅकेट. कंबर आवळलेली, नितंबांपाशी फुगवटा, खाली घेरदार स्कर्ट. युद्धाच्या टंचाईनंतर लोकांना ते ऐश्वर्य वाटलं, आणि दिसायला ते देखणं आहेच. पण ते घालून बस पकडायला धावून बघा! थोडक्यात, या हाउसचा वारसा कंबर आवळणारा, ग्रीक वारसा कापड मोकळं सोडणारा. या दोघांना एकत्र आणायला किऊरींनी तिसरी गोष्ट वापरली, ती म्हणजे खेळ.

आणि खेळ म्हटलं की ती जागा आठवते. हे स्टेडियम पांढऱ्या संगमरवराचं, घोड्याच्या नालेच्या आकाराचं. १८९६ साली पहिलं आधुनिक ऑलिंपिक इथे झालं. त्यात एकही स्त्री खेळाडू नव्हती. स्त्रियांना परवानगीच नव्हती. प्राचीन ऑलिंपिकही पुरुषांचंच. मुलींसाठी ऑलिंपियात हेरा देवीच्या नावाने वेगळ्या शर्यती होत. पॉसानियस हा प्राचीन प्रवासी त्यांचं वर्णन करतो : केस मोकळे, वस्त्र गुडघ्याच्या जरा वर, उजवा खांदा उघडा. म्हणजे धावायचं तर कपडा बदलावा लागतो, हे तेव्हाही माहीत होतं. आणि टोमणेही तेव्हापासूनचेच! स्पार्टाच्या मुलींचे कपडे बाजूला उघडे, म्हणून बाकीचे ग्रीक त्यांना ‘मांड्या दाखवणाऱ्या’ म्हणत.

१८९६ची आणखी एक गोष्ट सांगायलाच हवी. स्तामाता रेविथी नावाची एक गरीब बाई, पदरात लहान मूल. तिला मॅरेथॉन धावायची होती. नकार मिळाला. पुरुषांची शर्यत झाली, त्याच्या दुसऱ्या दिवशी ती एकटी मॅरेथॉन गावातून निघाली आणि साधारण साडेपाच तासांत अथेन्सला पोचली. स्टेडियममध्ये मात्र तिला जाता आलं नाही. ऑलिंपिकमध्ये स्त्रियांची मॅरेथॉन आली ती १९८४ साली, लॉस एंजेलिसला. आणि याच स्टेडियममध्ये ऑलिंपिक मॅरेथॉन संपवत स्त्रिया धावत आल्या त्या २००४ साली. १०८ वर्षांनी!

आता पुन्हा तो शो डोळ्यांसमोर आणा. त्याच धावपट्टीवर झग्याखाली बूट घालून स्त्रिया चालत आहेत. त्या बुटांना इथे अर्थ येतो. दुसऱ्या कुठल्या हॉलमध्ये हेच कपडे दाखवले असते तर ती फक्त एक टूम ठरली असती.

पण आपण भारावून जायचं नाही. दोन प्रश्न विचारायचेच. पहिला : ही मोकळीक कोणाला परवडते? धावायला साधे बूट पुरतात, आणि रेविथीची अडचण कपड्यांची नव्हती, दाराची होती. कपडा दार उघडत नाही. फार तर दार उघडल्यावर आत चालणं सोपं करतो.

दुसरा प्रश्न : वारसा कोणाचा, आणि श्रेय कोणाला? इथे दिओरने एक चांगली गोष्ट केली. ग्रीसच्या ईशान्येला सूफ्ली नावाचं रेशमाचं जुनं गाव आहे, तिथलं कापड घेतलं. कोळ्यांच्या टोप्या शिवणाऱ्या ग्रीक कारागिरांना काम दिलं, आणि हे लपवलं नाही. आपल्यासाठी हा मुद्दा दूरचा नाही. ३० मार्च २०२३ला याच हाउसचा शो मुंबईत गेटवे ऑफ इंडियासमोर झाला, आणि त्यातलं भरतकाम मुंबईच्याच चाणक्य या संस्थेचं होतं. युरोपातल्या बड्या नावांसाठी भारतीय कारागीर वर्षानुवर्षं भरत आले आहेत, पण त्यांचं नाव क्वचितच पुढे येतं. तेव्हा ते आलं.

म्हणून यापुढे ‘वारसा आणि स्पोर्टी’ अशी जाहिरात दिसली की तीन गोष्टी तपासा. वारसा नेमका कुठला? हे घालून खरंच धावता येतं का? आणि हात कोणाचे लागले, ते सांगितलं आहे का? तिन्ही उत्तरं मिळाली तर ते कलेक्शन वाचण्यासारखं आहे. नाही मिळाली, तर ते नुसते महाग कपडे.

आज इथेच थांबू. प्रश्न असतील तर जरूर विचारा.