मोटरला अर्थिंगच्या पट्ट्या दोन का?

शिरूर तालुक्यात रांजणगावची एमआयडीसी, दौंडमध्ये कुरकुंभची, आणि घोड-भीमेच्या काठाने उसाला पाणी देणारे पंप. थ्री फेज मोटर सगळीकडे. वाइंडिंगचं इन्सुलेशन जळालं की वीज लोखंडी बॉडीवर उतरते, हा धोकाही सगळीकडे सारखाच.

‘खड्डा घेतलाय, मीठ-कोळसा भरलाय’ एवढ्यावर अनेक जण निर्धास्त असतात. गणित मांडून बघा. पंपाच्या खड्ड्याचा रोध 10 ओहम आणि ट्रान्सफॉर्मरच्या अर्थिंगचा 5 ओहम धरू. 230 व्होल्टला 15 ने भागलं की जेमतेम 15 अँपिअर. साडेसात अश्वशक्तीची मोटर एरवीच 10-11 अँपिअर ओढते. फ्यूज उडणार कसा? तो शाबूत राहतो आणि बॉडीवर दीडशे व्होल्ट! मुरमाड, खडकाळ रानात, त्यातही उन्हाळ्यात ओल आटल्यावर, हा रोध आणखी वाढतो. म्हणून पंपाला आरसीसीबी हवीच. ती फ्यूजची वाट न पाहता 30 मिलिअँपिअर गळतीलाही पुरवठा तोडू शकते.

कारखान्यात मोटरची बॉडी धातूच्या पट्टीने थेट ट्रान्सफॉर्मरच्या न्यूट्रलपर्यंत जोडलेली असते. दोषाचा प्रवाह शेकडो अँपिअरवर जातो, संरक्षण लगेच पुरवठा तोडतं. नियमाने पट्ट्या दोन आणि स्वतंत्र लागतात, कारण एक गंजली तरी दुसरी टिकावी. कुरकुंभच्या रासायनिक कारखान्यांत ज्वालाग्राही वाफेजवळ सैल जोडाची ठिणगीही घातक ठरू शकते.

पट्टी बसवताना बोल्टखालचा रंग खरवडा. दरवर्षी भर उन्हाळ्यात परवानाधारक वायरमनकडून अर्थिंगचा रोध मोजून घ्या.