टोयोटा बंद पडतच नाही? ऐकीव काय आणि खरं काय

जुन्या गाड्यांच्या बाजारात दोन लाख किलोमीटर पळालेली गाडी म्हटली की गिऱ्हाईक पुढच्या गाडीकडे वळतं. तीच गाडी इनोव्हा असली की विक्रेता उलट ऐटीत सांगतो, "दोन लाख म्हणजे काहीच नाही हो, आत्ता कुठे इंजिन मोकळं झालंय." आणि गिऱ्हाईकही मान डोलावतं. हा विश्वास टोयोटाने कमावलेला आहे, यात वाद नाही. पण त्याच्या आडोशाने बरंच ऐकीव खपून जातं. त्यातलं काही नुसतं ऐकायला गंमतीचं असतं, काही मात्र खिशाला चाट लावतं.

"मागाचं पेटंट विकून आलेल्या पैशांतून मोटार उभी राहिली"

ही गोष्ट व्यवस्थापनाच्या वर्गांत आवडीने सांगितली जाते. साकिची तोयोदा हा १८६७ साली जन्मलेला सुताराचा मुलगा. आयुष्यभर त्याने मागावर प्रयोग केले आणि १९२४ मध्ये 'जी' प्रकारचा स्वयंचलित माग तयार झाला. धोटा चालू मागातच आपोआप बदलायचा आणि धागा तुटला की माग स्वतःहून थांबायचा. १९२९ मध्ये इंग्लंडच्या प्लॅट ब्रदर्स या कंपनीशी त्याच्या पेटंटचा एक लाख पौंडांचा करार झाला. इथवर सगळं खरं आहे. पुढे सांगतात, की म्हाताऱ्याने ते पैसे मुलाच्या, म्हणजे किइचिरोच्या हातात ठेवले आणि म्हणाला, आता तू मोटार कर.

काझुओ वादा या जपानी इतिहासकाराने २००६ मध्ये या करारावर शोधनिबंध लिहिला आणि या कथेला दंतकथा ठरवलं. मंदीचे दिवस होते, प्लॅटने रक्कम कमी करून मागितली आणि ठरलेला पैसा ठरल्याप्रमाणे आलाच नाही. मोटारीचा विभाग १९३३ मध्ये सुरू झाला तो माग बनवणाऱ्या कंपनीच्या पोटात, तिच्याच भांडवलावर. त्याहून मोठा हातभार लावला तो सरकारने. तेव्हा जपानी रस्त्यांवर फोर्ड आणि जनरल मोटर्सचं राज्य होतं, दोघांच्याही जुळणीच्या फॅक्टऱ्या जपानातच होत्या. लष्कराला मात्र देशी ट्रक हवे होते. १९३६ च्या मोटार उत्पादन कायद्याने तोयोदा आणि निसान यांना परवाने दिले आणि अमेरिकी कंपन्यांच्या वाढीला चाप लावला. टोयोटा मोटर कंपनी २८ ऑगस्ट १९३७ रोजी स्वतंत्र झाली, ती या कुंपणाच्या आत. बापाच्या आशीर्वादाची गोष्ट जास्त गोड आहे, पण सरकारी संरक्षण वजा केलं तर हा इतिहास जुळत नाही.

"जपानी माल पहिल्यापासूनच दणकट"

टोयोटाचं बाजारात आलेलं पहिलं वाहन म्हणजे १९३५ चा जी-१ ट्रक. तो वाटेत बंद पडण्यासाठी प्रसिद्ध होता. विक्रीची जबाबदारी शोतारो कामियाकडे होती. दुरुस्त्या करून देणं आणि प्रत्येक बिघाडाची माहिती कारखान्याकडे परत पाठवणं, हा त्याच्या लोकांच्या कामाचा मोठा भाग होता. दुसऱ्या महायुद्धानंतर कंपनी बुडायच्या बेतात आली. १९५० च्या कामगार तंट्यात दोन हजारांहून अधिक लोकांना नोकरी सोडावी लागली आणि किइचिरोने राजीनामा दिला. त्याच जून महिन्यात कोरियात युद्ध पेटलं, अमेरिकी सैन्याने ट्रकची मागणी नोंदवली आणि टोयोटा वाचली. किइचिरो १९५२ मध्ये वारला. पुढचं वैभव त्याने पाहिलंच नाही.

अमेरिकेतला पहिला अनुभव तर लाजिरवाणा होता. १९५७ मध्ये कंपनीने तिथे दुकान थाटलं आणि 'क्राउन' ही सेदान नेली. जपानच्या खडबडीत, संथ रस्त्यांवर ही गाडी टॅक्सी म्हणून उत्तम चालायची. कॅलिफोर्नियाच्या महामार्गावर मात्र तिचा दम कमी पडे, इंजिन तापे आणि वेग वाढवला की गाडी थरथरे. १९५८ या पूर्ण वर्षात तिथे विकल्या गेल्या २८७ क्राउन आणि एक लँड क्रूझर. काही काळाने क्राउन तिथल्या बाजारातून मागे घ्यावी लागली. पुन्हा जम बसला तो १९६५ च्या 'कोरोना'ने, अमेरिकी रस्ता डोळ्यांसमोर ठेवून केलेल्या गाडीने.

मधल्या वर्षांत काय घडलं, हे या कंपनीच्या इतिहासातलं सगळ्यात वाचनीय प्रकरण आहे. ताइइची ओनो हा मूळचा तोयोदांच्या कापड गिरणीतला माणूस. धागा तुटला की माग थांबतो, हे त्याने मोटारीच्या कारखान्यात आणलं. जुळणीच्या रांगेत कुठल्याही कामगाराला काही चुकलेलं दिसलं तर त्याने दोरी ओढायची. वर फलकावर दिवा लागतो, मुकादम धावतो आणि चूक तिथल्या तिथे सुटली नाही तर रांग थांबते. बाकीच्या कंपन्यांत रांग थांबवणं हा कामगाराचा गुन्हा होता, इथे ते कर्तव्य झालं. जोडीला, लागेल तेवढाच सुटा भाग लागेल तेव्हाच आणायचा, साठा करायचा नाही, हा दुसरा नियम. साठाच नसेल तर खराब भाग बाजूला सारून पुढचा उचलता येत नाही, खराबी का आली ते शोधावंच लागतं. ओनोला ही दुसरी कल्पना अमेरिकी सुपरमार्केटच्या फळ्यांवरून सुचली. गुणवत्तेचं संख्याशास्त्र जपानी उद्योगाला शिकवलं तेही डेमिंग नावाच्या अमेरिकनाने, आणि त्याच्या नावाचं पारितोषिक टोयोटाने १९६५ मध्ये मिळवलं. 'जपान्यांच्या रक्तातच आहे' हे म्हणणं म्हणून मला आळशीपणाचं वाटतं. त्यांनी पंधरा वर्षं घासून शिकलेली गोष्ट आपण जातीवर ढकलून मोकळे होतो.

"टोयोटात दोष निघतच नाहीत"

निघतात, आणि मोठे निघतात. ऑगस्ट २००९ मध्ये कॅलिफोर्नियात टोयोटाच्याच एका लेक्सस गाडीचा वेग आवरेना आणि चौघांचा मृत्यू झाला. गाडीत दुसऱ्याच मॉडेलची रबरी मॅट टाकलेली होती, ती ॲक्सिलरेटरच्या पेडलला अडकली. पुढच्या काही महिन्यांत मॅट आणि अडकून राहणारी पेडल यांपायी लाखो गाड्या परत बोलवाव्या लागल्या. फेब्रुवारी २०१० मध्ये किइचिरोचा नातू अकिओ तोयोदा याने अमेरिकी संसदेच्या समितीपुढे माफी मागितली. कंपनी वाजवीपेक्षा वेगाने वाढली, असं त्यानेच कबूल केलं.

या प्रकरणाची उलटी दंतकथाही फिरते, की गाडीचा कॉम्प्युटरच पिसाळायचा. 'नासा'च्या अभियंत्यांनी ही यंत्रणा तपासली आणि २०११ च्या अहवालात इलेक्ट्रॉनिक दोषाचा पुरावा सापडला नाही असं म्हटलं. तरीही २०१३ मध्ये ओक्लाहोमातल्या ज्यूरीने एका अपघातात सॉफ्टवेअरबद्दल कंपनीला जबाबदार धरलं. या दोन्ही गोष्टी नोंदीवर आहेत. आणि २०१४ मध्ये ग्राहकांची दिशाभूल केल्याबद्दल टोयोटाने अमेरिकी सरकारला १२० कोटी डॉलर भरले. दोष निघण्यापेक्षा तो झाकणं अधिक महाग पडलं.

अलीकडचं प्रकरण आपल्या अंगणातलं आहे. डिसेंबर २०२३ मध्ये टोयोटाच्या मालकीच्या दाइहात्सूने सुरक्षा चाचण्यांत वर्षानुवर्षं लबाडी केल्याचं उघड झालं. पुढच्याच महिन्यात टोयोटा इंडस्ट्रीजच्या काही डिझेल इंजिनांच्या प्रमाणपत्रासाठी झालेल्या शक्तिचाचणीतही गडबड निघाली. इनोव्हा क्रिस्टा, फॉर्च्युनर आणि हायलक्स यांत हीच इंजिनं असल्याने भारतातही या गाड्या शोरूमकडे पाठवणं काही दिवस थांबलं होतं. टोयोटा इंडस्ट्रीज म्हणजे साकिचीचा माग बनवणारी तीच मूळ कंपनी. इंजिनं ठरलेल्या मापात बसतात, गाड्या वापरायला हरकत नाही, असा कंपनीने खुलासा केला. पण धागा तुटल्यावर माग थांबवण्याचा धडा खुद्द मागवालेच विसरले होते.

"टोयोटा म्हणजे आपल्या किर्लोस्करांचीच"

नाव ऐकून मराठी माणसाला असं वाटणं स्वाभाविक आहे. टोयोटा किर्लोस्कर मोटर १९९७ मध्ये स्थापन झाली. तिच्यात जपानी टोयोटाचा वाटा ८९ टक्के आणि किर्लोस्करांचा ११ टक्के आहे. कारखाना बंगळुरूजवळ बिडदीला. किर्लोस्करवाडी वसवणाऱ्या लक्ष्मणरावांचे पणतू विक्रम किर्लोस्कर २०२२ मध्ये निधन होईपर्यंत या कंपनीचा चेहरा होते. गंमत म्हणजे या दोन घराण्यांची सोयरीक मोटारीने जुळलेली नाही, ती आधी कापड गिरणीच्या यंत्रांच्या भागीदारीतून जुळली. महाराष्ट्रात छत्रपती संभाजीनगरला कारखाना काढण्याचा सामंजस्य करार जुलै २०२४ मध्ये झाला.

"इनोव्हाला काही करावं लागत नाही, ऑइल बदला आणि पळवा"

क्वालिस २००० मध्ये आली तेव्हा जाणकारांनी नाकं मुरडली होती. इंडोनेशियातल्या जुन्या 'किजांग'चा तो अवतार, दिसायला डब्यासारखा. टुरिस्टवाल्यांनी तिला उचलून धरलं. खप चांगला असतानाच कंपनीने ती बंद केली आणि २००५ मध्ये इनोव्हा आणली. धंद्यात चार-पाच लाख किलोमीटर पळालेल्या इनोव्हा आजही शिर्डी, महाबळेश्वर, गोव्याच्या फेऱ्यांत दिसतात आणि त्यांचे चालक अभिमानाने 'इंजिन खोललेलं नाही' म्हणतात.

ते खरं असतं, पण अर्धं. धंद्याची गाडी रोज लांब पल्ल्यावर, एका लयीत धावते. थंड इंजिनाने दोन किलोमीटरच्या भाजीच्या फेऱ्या मारत नाही. गाडी उभी राहिली की उत्पन्न थांबतं, म्हणून टुरिस्टवाला सर्व्हिस चुकवत नाही. आणि 'इंजिन खोललं नाही' म्हणताना तो क्लच प्लेट, सस्पेन्शनचे बुश, शॉकॲब्सॉर्बर, इंजेक्टर यांचा खर्च मोजत नाही. जुन्या इनोव्हाच्या अडीच लिटर इंजिनाला टायमिंग बेल्ट आहे. तो वेळेवर बदलला नाही आणि तुटला, तर बोनेटवरचं नाव मदतीला येत नाही. बीएस-६ डिझेल गाडी फक्त शहरात थोडी थोडी चालवली तर धुराचा फिल्टर तुंबतो, हे नव्या मालकांना बहुधा दिवा लागल्यावर कळतं.

बाकी गाऱ्हाणीही आहेतच. क्रिस्टाची बांधणी शिडीच्या चौकटीवरची, त्यामुळे रिकामी गाडी मागच्या सीटवर उसळते. किमतीच्या मानाने सुखसोयी कमी आणि नंबर लागायला महिने. नुसतं नाव पुरतं असंही नाही: इटिऑसला २०१६ मध्ये ग्लोबल एनकॅप या सुरक्षा चाचणी घेणाऱ्या संस्थेने चार तारे दिले, तरी तिच्या साध्यासुध्या डॅशबोर्डमुळे घरगुती गिऱ्हाइकाने तिला टॅक्सीच मानलं. यारिस तीनच वर्षांत गेली.

"हायब्रिड चार्ज करावी लागते, आणि बॅटरी गेली की गाडी भंगारात"

टोयोटाच्या इनोव्हा हायक्रॉस किंवा हायरायडरच्या स्ट्राँग हायब्रिडला प्लग नाहीच. ब्रेक लावताना वाया जाणारी शक्ती आणि इंजिनाची उरलेली शक्ती बॅटरीत साठते, आणि गर्दीत गाडी बराच वेळ इंजिन बंद ठेवून चालते. म्हणूनच हायब्रिडचा खरा फायदा शहरातल्या अडकत्या रहदारीत; एक्स्प्रेस-वेवर एकाच वेगाने पळताना तो बराच घटतो. नेमका हायवेच जास्त असणारे लोक ॲव्हरेजच्या नावाखाली हायब्रिडला जादा पैसे मोजताना दिसतात, तेव्हा हिशेब पुन्हा करावा. बॅटरीला कंपनी आठ वर्षं किंवा १ लाख ६० हजार किलोमीटरची वॉरंटी देते. 'प्रियस' १९९७ पासून जपानच्या रस्त्यावर आहे, तेव्हा हे तंत्र नवखं नाही. काही हायब्रिड गाड्यांत बॅटरी थंड ठेवणाऱ्या पंख्याची जाळी सीटजवळ असते. तिथे पिशव्या कोंबू नयेत, धूळ साचू देऊ नये.

"ग्लान्झा घेतली म्हणजे टोयोटाचं इंजिन मिळालं"

ग्लान्झा म्हणजे सुझुकीने बनवलेली बलेनो, टायसर म्हणजे फ्राँक्स, रुमिऑन म्हणजे अर्टिगा. वाईट गाड्या नाहीत, पण आत सुझुकी आहे. उलट मारुतीची इन्व्हिक्टो ही बिडदीला बनलेली हायक्रॉस. टोयोटाने सुझुकी विकत घेतली, हेही ऐकीवच; तिच्याकडे सुझुकीचे पाच टक्क्यांच्या आसपासच शेअर आहेत. शोरूम निवडताना किंमत, वॉरंटी आणि जवळचं सर्व्हिस सेंटर बघा.

आता जुनी इनोव्हा घेणाऱ्यांसाठी. या गाडीला भाव आहे म्हणूनच तिचं मीटर मागे फिरवण्याचा मोहही जास्त. पिवळ्या पाटीची गाडी पांढऱ्या पाटीवर आणून विकलेली असू शकते. आरसीवरचा इतिहास बघा, सर्व्हिस सेंटरमधून गाडीच्या नंबरावर नोंदी काढून घ्या, आणि ड्रायव्हरची सीट, पेडलचं रबर आणि स्टिअरिंगची झीज मीटरशी जुळते का ते आपल्या मेस्त्रीला पाहू द्या. आणि गाडी नवी असो वा जुनी, तिचा चासी नंबर कंपनीच्या रिकॉल यादीत आहे का, हे एकदा विचारा. रिकॉलचं काम मोफत होतं, मालक पहिला असो की तिसरा.