स्वरलिपीच्या खुणा

तोंडी कराराचे पुढे काय होते, हे कामगाराला सांगावे लागत नाही. गाण्यातल्या पुष्कळ चिजाही तोंडीच असत. आणि ज्याच्या तोंडी, त्याच्याच मालकीच्या! पेशाने वकील असलेल्या भातखंड्यांनी (१८६०–१९३६) त्या मिळवून क्रमिक पुस्तकांत लिहून ठेवल्या.

त्यांच्या खुणा थोड्याच आहेत. स्वराखाली आडवी रेघ म्हणजे कोमल. मध्यमावर उभी रेघ म्हणजे तीव्र. टिंब खाली तर मंद्र सप्तक, वर तर तार. खालच्या कमानीत जेवढे स्वर, तेवढे एका मात्रेत. वरची कमान मात्र मिंडेची, येथे नवख्यांची हटकून गल्लत होते. फुली ही सम, शून्य ही खाली. त्रितालात सम पहिल्या मात्रेवर, खाली नवव्या. स्वरापुढची आडवी रेघ तो स्वर आणखी एक मात्रा लांबवते. अक्षर लांबवायला अवग्रह. (पलुस्करांच्या पद्धतीत खुणा निराळ्या, पुस्तक कोणाचे ते आधी पाहावे.)

एवढ्यावर बंदिशीचा सांगाडा कोणालाही वाचता येतो. परंतु दरबारीचा गंधार आणि बागेश्रीचा गंधार, दोहोंखाली रेघ तीच. दरबारीत तो संथ झुलतो, ते झुलणे त्या रेघेत नाही. त्यासाठी गुरूसमोर बसावे लागते, निदान ध्वनिमुद्रिका पुन्हा पुन्हा ऐकावी लागते.