नाणीं गेलीं, म्हणी राहिल्या

बाजारांतून केव्हांच नाहीशी झालेलीं नाणीं एका ठिकाणीं अद्याप बिनबोभाट चालतात. तें ठिकाण म्हणजे माणसाची जीभ. आण्याचें नाणें कधीं हातीं न धरलेला तरुण ‘ही गोष्ट सोळा आणे खरी’ असें सांगतो. कवडी केवळ खेळांत पाहिलेली गृहिणी ‘जमीन कवडीमोलानें गेली’ म्हणून हळहळते. हीं वचनें कोठून आलीं याचा शोध घेतला, तर त्यांतील विनोदाच्या पोटीं बराच इतिहास सांपडतो. आणि त्या इतिहासांत कोणाचें तरी नुकसानही सांपडतें.

प्रथम कवडी घेऊं. कवडी म्हणजे समुद्रांतील एका लहान गोगलगायीचें कवच. मालदीव बेटांतून तीं कवचें जहाजांतून भारतांत येत, आणि बंगाल व ओरिसा या प्रांतांत एकोणिसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत तीं चलन म्हणून वापरांत होतीं. भास्कराचार्यांनीं इ. स. ११५० च्या सुमारास रचलेल्या ‘लीलावती’ ग्रंथांत वीस कवड्यांची एक काकिणी, चार काकिण्यांचा एक पण आणि सोळा पणांचा एक द्रम्म असें कोष्टक दिलें आहे. म्हणजे एका द्रम्मास १२८० कवड्या झाल्या. एवढ्या राशींतील एका कवडीची किंमत ती काय असणार! त्यांतून ती फुटकी असेल तर विचारावयासच नको. धातूचें नाणें मोडलें तरी धातूचें मोल शिल्लक राहतें. कवडी फुटली म्हणजे कांहींच उरत नाहीं. ‘कवडीचुंबक’ या शब्दांत तर दुहेरी गंमत आहे. चुंबक म्हणजे चुंबन घेणारा, आणि चुंबक म्हणजे लोखंड ओढणारा दगडही. कृपण मनुष्यास दोन्ही अर्थ सारखेच शोभतात.

वर आलेला द्रम्म हा शब्द मूळचा ग्रीकांच्या नाण्याच्या नांवावरून आला, आणि त्याचेंच रूप पुढें ‘दाम’ झालें. अकबराच्या काळीं दाम हें तांब्याचें नाणें होतें; चाळीस दामांचा एक रुपया होई, आणि दामाचा आठवा हिस्सा ती दमडी. नाणें लोपलें तरी ‘दाम करी काम’ म्हणतांना तें आपण आजही मोजतों. ‘चमडी जाईल पण दमडी जाणार नाहीं’ ही म्हण कंजूष धनिकास उद्देशून आहे. परंतु ज्याच्या हातीं रुपया क्वचितच येई, त्या मजुरानें दमडी जपली तर तिला कंजूषपणा म्हणणें न्यायाचें नव्हे. म्हण एकच असली तरी ती कोणाला लावावयाची, याचा विवेक बोलणाऱ्यानेंच ठेवावयास पाहिजे.

सर्वांत बोधप्रद शब्द आहे तो ‘बट्टा’. पेशवाईंत आणि तिच्या नंतरही कांहीं काळ एकाच प्रकारचा रुपया सर्वत्र चालत नसे. चांदवडी, अंकुशी अशा नाना टांकसाळींचे रुपये बाजारांत एकत्र फिरत. कोणांत चांदी कमी, कोणी झिजलेला, कोणाला दुसऱ्या प्रांतांत मान नाहीं. सराफ प्रत्येक नाणें वाजवून पाही व उणेपणाबद्दल कांहीं रक्कम कापून घेई. हाच बट्टा. शेतकऱ्याला धान्याचे पैसे एका नाण्यांत मिळाले आणि सरकारनें सारा दुसऱ्या नाण्यांत मागितला, म्हणजे मधला तोटा बिचाऱ्या कुणब्याच्या माथीं बसे. इ. स. १८३५ च्या कायद्यानें कंपनी सरकारनें १८० ग्रेन वजनाचा एकच रुपया ठरविला, आणि हळूहळू निरनिराळे रुपये मागें पडले. सराफाचा बट्टा गेला. ‘नांवाला बट्टा लागला’ हा मात्र राहिला. ‘खणखणीत’ बोलणें, माणूस ‘वाजवून घेणें’ हे प्रयोगही त्याच सराफकट्ट्यावरचे. आणि मुलगा उनाड निघाला म्हणजे बाप मान खालीं घालून म्हणतो, ‘आपलेंच नाणें खोटें!’ या तीन शब्दांत सराफाला दोष न देण्याचा जो प्रामाणिकपणा आहे, तो मोठ्या प्रवचनांतही दुर्मिळ.

न मोडलेला तो ‘बंदा’ रुपया, आणि मोडून झालेली चिल्लर तो ‘खुर्दा’. फार्सी भाषेंत खुर्द म्हणजे लहान. एकाच नांवाच्या दोन गांवांपैकीं धाकट्यास खुर्द आणि थोरल्यास बुद्रुक म्हणतात, त्यांतला खुर्द हाच. रुपयाचे तुकडे व्हावे तसे सैन्याचे झाले, म्हणजे ‘शत्रूचा खुर्दा उडाला’.

जुन्या रुपयाचे सोळा आणे, चौसष्ट पैसे आणि १९२ पया होत. म्हणून पूर्ण सत्य तें सोळा आणे. बुद्धि थोडी उणी तो ‘पावलीनें कमी’. ‘चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला’ या म्हणींतील आंकड्यांची बेरीज करून पाहावी. बरोबर सोळा आणे भरतात! बंदा रुपया खर्चीं पडला, आणि त्यांतली कोंबडी फक्त पावलीची. म्हण रचणाऱ्याला हिशेब उत्तम येत होता.

१ एप्रिल १९५७ रोजीं रुपयाचे शंभर नवे पैसे झाले. १९६४ मध्यें ‘नवा’ हें विशेषणही गळालें. पंचवीस पैशांचें नाणें ३० जून २०११ पासून चलनांतून गेलें, आणि तें ज्या पावलीच्या जागीं आलें होतें तिची शेवटची खूणही पुसली. आतां मुलांना या म्हणी पाठ येतात, पण त्यांमागचें कोष्टक येत नाहीं. घरांतील वडील माणसांनीं म्हण सांगतांना तिचा हिशेबही सांगावा. एरवीं बट्टा हा शब्द तेवढा उरेल, आणि तो ज्याच्या माथीं बसला त्या कुणब्याची आठवण बुजून जाईल.