राऊटर घेण्यापूर्वी पत्त्याचे विचारा



वर्धा-आर्वी रस्त्यावरच्या आंजीला पत्र घालायचे तर पत्त्यात कंसात 'मोठी' असे लिहावे लागते. नुसते 'आंजी' म्हटले तर कोणती, हा प्रश्न उरतो. सारख्या नावांचा असा घोळ टपाल खात्यापुढे देशभर होता. तो निस्तरण्यासाठी श्रीराम भिकाजी वेलणकर या मराठी अधिकाऱ्याने सहा आकड्यांच्या पिनकोडची पद्धत आखली, आणि १५ ऑगस्ट १९७२ पासून ती सुरू झाली. विदर्भाच्या वाट्याला ४४ ने सुरू होणारे आकडे आले. इंटरनेटवरही आज पत्त्यांचाच घोळ आहे. तिथेही नवी पद्धत आली आहे. मात्र तुमच्या घरातल्या भिंतीवर टांगलेल्या पेटीला, म्हणजे राऊटरला, ती समजते का, हे तुम्हालाच पाहावे लागते.

आधी घोळ काय तो समजून घ्या. इंटरनेटवरच्या प्रत्येक यंत्राला आकड्यांचा पत्ता लागतो. १९८१ साली ठरलेल्या जुन्या पद्धतीत, जिला आयपीव्ही ४ म्हणतात, एकूण पत्ते होतात ४,२९,४९,६७,२९६. तेव्हा हा आकडा अफाट वाटला असेल. आज जगाची लोकसंख्याच ८०० कोटींच्या वर आहे आणि एकेका घरात चार-चार फोन आहेत. ३ फेब्रुवारी २०११ रोजी जागतिक साठ्यातले जुन्या पत्त्यांचे शेवटचे गठ्ठे वाटून झाले. कोठार रिकामे झाले.

मग कंपन्यांनी काय केले? एकच पत्ता अनेक घरांना वाटून दिला. मोठ्या वाड्यात बिऱ्हाडे अनेक, पण टपाल एकाच दारावर यावे, तसा हा प्रकार. ओसरीवर बसलेला कारभारी कुणाचे पत्र कुणाला ते वाटतो. एरवी हे चालते, तुम्हाला कळतही नाही. अडचण येते ती दोन ठिकाणी. एक म्हणजे, वाड्यातल्या एका बिऱ्हाडाने एखाद्या संकेतस्थळावर उपद्व्याप केला की ते संकेतस्थळ सगळ्या वाड्यालाच दार लावते. आपण फॉर्म भरत असतो आणि 'फार वेळा प्रयत्न झाला, नंतर या' असे उत्तर मिळते. २०२१ साली ई-पीक पाहणी राज्यभर मोबाईलवर आली. २०२५ च्या हंगामात हमीभावाने कापूस विकायचा तर भारतीय कापूस महामंडळाच्या 'कपास किसान' अॅपवर नोंदणी करावी लागली. अशा कामात मुदत संपत आली असताना दार बंद मिळाले तर काय होते, ते पऱ्हाटीवाल्या घरांना सांगायला नको. दुसरी अडचण अशी की, तुम्ही परगावी असताना गोठ्यातला कॅमेरा पाहायचा म्हटले तर बाहेरून थेट घरापर्यंत येताच येत नाही, कारण घराला स्वतःचा पत्ताच नसतो. सगळे कॅमेरा कंपनीच्या दूरच्या यंत्रामार्फत येते. ते बंद, तर कॅमेरा आंधळा.

नवी पद्धत म्हणजे आयपीव्ही ६. ती १९९८ सालीच कागदावर उतरली होती. तिच्यातल्या पत्त्यांची संख्या लिहायची तर ३९ आकडी होते. फोन, कॅमेरा, दूरचित्रवाणी संच, प्रत्येकाला वेगळा पत्ता देऊनही ती संपायची नाही. आणि गंमत अशी की तुमच्या हातातल्या मोबाईलला बहुधा हा नवा पत्ता आधीच मिळालेला आहे. २०१६ साली जिओने फोर-जीची सेवा सुरू केली ती नव्या पत्त्यांवरच, आणि त्यामुळे भारत या बाबतीत जगातल्या पुढच्या देशांत जाऊन बसला. मागे राहिला तो घरातला राऊटर.

आता खरेदीकडे वळू. फायबरची जोडणी घेणार असाल तर कंपनी स्वतःची पेटी देते. तिला ओएनटी म्हणतात. काचेच्या तारेतून येणारा प्रकाश ती आपल्याला वापरता येईल अशा रूपात आणते. ही पेटी बाजारातून आपल्या मनाने आणू नका. एका कंपनीची दुसरीकडे चालेलच असे नाही. ओळखीच्या माणसाने स्वस्तात देऊ केलेली जुनी पेटी तर नकोच. जोडणी करायला आलेल्या माणसाला दोन प्रश्न विचारा: तुमची कंपनी आयपीव्ही ६ देते का, आणि ही पेटी ते घेते का? पहिल्याचे उत्तर 'नाही' असेल तर कितीही महागाचा राऊटर आणून उपयोग नाही. विहिरीत पाणी नसेल तर मोटार मोठी घेऊन काय करणार? दूरसंचार विभागाने २०२१ सालीच कंपन्यांना सांगितले आहे की, ३१ डिसेंबर २०२२ नंतरच्या नव्या घरगुती तारेच्या जोडण्या नव्या पत्त्याची वाहतूक करू शकतील अशाच हव्यात. तेव्हा हा प्रश्न विचारताना संकोच करू नका.

स्वतःचा राऊटर घेतलाच तर खोक्यावर आयपीव्ही ६ लिहिलेले पाहा आणि 'प्रिफिक्स डेलिगेशन' आहे का, हे दुकानदाराला विचारा. कंपनीकडून पत्त्यांचा गठ्ठा घेऊन घरातल्या यंत्रांना वाटण्याची ही सोय आहे. ती नसेल तर नाव मोठे आणि लक्षण खोटे. जाड मातीच्या भिंतींच्या घराला २.४ गिगाहर्ट्‌झचा वायफाय लागतोच. ५ गिगाहर्ट्‌झचा वेगवान खरा, पण भिंत आली की दमतो. दोन्ही असलेला घ्यावा. चार-सहा अँटेनांच्या शिंगांना मात्र भुलू नये.

पेटी लावून झाली की तिच्या पाठीवरच्या चिठ्ठीवर १९२.१६८ ने सुरू होणारा आकडा असतो. तो फोनच्या किंवा संगणकाच्या ब्राऊझरमध्ये टाकला की राऊटरचे पान उघडते. पहिले काम, पासवर्ड बदलणे. हे आळसाने राहते. २०१६ साली 'मिराई' नावाच्या घातकी प्रोग्रॅमने जगभरातले लाखो कॅमेरे आणि राऊटर कारखान्यातला मूळ पासवर्ड वापरून ताब्यात घेतले होते. काहीही बदलण्यापूर्वी आहेत त्या सेटिंगचे फोटो काढून ठेवा. जोडणीचे नाव आणि पासवर्ड पुसला गेला तर माणूस येईपर्यंत घर बंद.

मग 'वॅन' किंवा 'इंटरनेट' या भागात जा. तिथे नुसते आयपीव्ही ४ निवडलेले असेल तर दोन्ही, म्हणजे 'ड्युअल स्टॅक', निवडा. जुने बंद करू नका. पुष्कळ संकेतस्थळे अजून जुन्याच पत्त्यावर आहेत. प्रिफिक्स डेलिगेशन चालू करा, बाकीचे 'ऑटो' ठेवा आणि पेटी बंद करून पुन्हा चालू करा.

लागले की नाही ते पाहताना एक काळजी घ्या. फोनचा मोबाईल डेटा आधी बंद करा, नाहीतर सिमचाच पत्ता पाहून तुम्ही खूश व्हाल. वायफायच्या तपशिलात मध्ये दोन-दोन टिंबे असलेला लांब पत्ता दिसेल. तो २ ने सुरू होत असेल तर काम झाले. नुसता 'एफई८०' ने सुरू होणारा दिसला तर तो घरातल्या घरातला आहे. बाहेरचा मिळालेला नाही. राऊटरच्या पानावर जुना पत्ता १०० ने सुरू होऊन पुढचा आकडा ६४ ते १२७ मधला दिसला, तर समजा की तुम्ही वाड्यातले बिऱ्हाड आहात.

सगळ्यात जास्त घरे फसतात ती एका घरात दोन कारभारी नेमल्यामुळे. कंपनीची पेटी पुढच्या खोलीत, आणि मागे पोचत नाही म्हणून दुसरा राऊटर आणून त्याला जोडलेला. आता दोघेही पत्ते वाटू लागतात. कंपनीने पत्त्यांचा एकच लहान गठ्ठा दिला असेल तर तो पहिल्याकडेच संपतो आणि मागच्या खोलीत नवा पत्ता पोचत नाही. उपाय सोपा आहे. दुसऱ्या राऊटरला 'ॲक्सेस पॉइंट' करून टाका, म्हणजे तो नुसता वायफाय पसरेल, कारभार पहिलाच पाहील. किंवा कंपनीला सांगून पहिली पेटी 'ब्रिज' करून घ्या आणि कारभार दुसऱ्याकडे द्या. कुणीही चालेल, पण एकच.

आणि दाराचे विसरू नका. जुन्या पद्धतीत बाहेरच्याला आत येता येत नव्हते, ही अडचण असली तरी आडोसाही होता. नव्या पद्धतीत प्रत्येक यंत्राचा पत्ता जगाला ठाऊक होऊ शकतो. म्हणून राऊटरमधली आयपीव्ही ६ ची 'फायरवॉल' चालूच हवी. कॅमेरा लावणारा माणूस ती बंद करू म्हणाला तर त्याला थांबवा. कॅमेऱ्यापुरती वाट मोकळी करता येते, सगळे दार उघडावे लागत नाही.

कधी नवा पत्ता चालू केल्यावर काही पाने अडखळतात. तेव्हा ते तात्पुरते बंद करून कंपनीकडे तक्रार नोंदवा आणि तक्रारीचा क्रमांक लिहून घ्या. काचेच्या तारेतून वीज येत नाही, पण पेटीच्या ॲडॉप्टरमधून येते. पावसाळ्यात गडगडू लागले की तो बोर्डातून काढून ठेवावा.