खालचं आधी, वरचं त्याच्यावर!

आमचं घर हरिहरेश्वरला, अगदी समुद्राच्या वाऱ्यावर. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात वाडीतले माड आडवे झाले, छपराचे पत्रे उडाले. दुरुस्ती काढली, तेव्हा पश्चिमेच्या भिंतीला बाहेरून पीव्हीसीच्या पट्ट्या लावून घेतल्या. परदेशात यालाच व्हिनाईल सायडिंग म्हणतात. दरवर्षी रंग नको, वाळवीची भीती नको. मी खूश!

पुढच्या पावसाळ्यात दाराच्या चौकटीवरून पाणी आत आलं. बाहेरच्या दिव्याचं बटण दाबताना सासूबाईंच्या हाताला झिणझिण्या आल्या. मेन स्विच बंद केला, पण माझे हातपाय थरथरत होते. मिस्त्री म्हणाले, "वहिनी, सगळीकडे सिलिकॉन मारलंय की!"

सासूबाई शांतपणे म्हणाल्या, "अगो, आम्ही झडीला झापं बांधायचो तेव्हा खालचं आधी, वरचं त्याच्यावर. पाण्याला बाहेरची वाट नको का द्यायला?"

खरं कारण तेच होतं. या पट्ट्यांच्या मागे थोडं पाणी जाणारच. ते भिंतीत न मुरता खाली उतरायला हवं. उन्हाने पट्ट्या फुगतात, थंडीत आखडतात. मग सिलिकॉन सुटतं आणि फट पडते.

पाऊस सरल्यावर सगळं काढून पुन्हा बसवलं. मैत्रिणींनो, काम करून घेताना एवढं बघाच :

* पट्ट्यांच्या मागे भिंतीवर पाणी अडवणारं आवरण हवं. चौकटीवर वाकवलेल्या पत्र्याची पट्टी घाला. तिची वरची कड या आवरणाखाली जायला हवी.

* दाराभोवतीच्या खोबणीच्या पट्ट्यांत बाजूच्या आधी, वरची शेवटी. वरचीची जीभ वाकवून बाजूच्या खोबणीत सोडायची, म्हणजे पाणी तिथून खाली जातं.

* पट्टीचं टोक आणि खोबणी यांत पाव इंच, म्हणजे साधारण ६ मिमी जागा सोडा. खिळा भोकाच्या मधोमध, डोकं मिलिमीटरभर सैल. घट्ट ठोकला की पट्टीला पोट येतं. खाऱ्या वाऱ्यात खिळे स्टेनलेस स्टीलचेच.

* दिवा किंवा नळ पट्टीवर बसवू नका. आधी भिंतीला ठोकळा पक्का करा, पट्टी त्याच्या खोबणीत सरकवा, मग ठोकळ्यावर दिवा. वायरिंगचं काम इलेक्ट्रिशियनकडूनच. अर्थिंग आणि आरसीसीबी तपासून घ्या.

* तळाची फट कधीही बुजवू नका. पाणी तिथूनच बाहेर पडतं.

दुसऱ्यांदा खर्च झाला, जिवाला घोर लागला तो वेगळाच. आता मोठी सर आली की मी आधी दाराची चौकट हाताने चाचपते. कोरडी लागली की मगच चहाचं आधण ठेवते. सासूबाई गालातल्या गालात हसतात. त्यांच्या झापांचा नियम आम्हाला आधीच आठवायला हवा होता!